विश्लेषण : दिग्दर्शक नाटकवाला असला की सिनेमा वेगळा दिसतो का? ‘गांधी, माय फादर’वरून काय कळतं?

गांधीजी वर्धा जिल्ह्यातल्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ३० एप्रिल १९३६ रोजी. त्यानंतर महिनाभरातच त्यांचे थोरले चिरंजीव हरिलाल यांनी मुंबईत इस्लाम स्वीकारल्याची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी ते पुन्हा हिंदू धर्मात परतले. बाप-लेकाच्या या दुराव्यावर फिरोज अब्बास खान यांनी आधी नाटक केलं, नंतर सिनेमा. ‘गांधींनी मुलावर अन्याय केला का?’ हा वाद समाजमाध्यमांवर निघाला की या सिनेमाचा दाखला हमखास येतो. पण तो दाखला म्हणून किती टिकतो?

आधी नाटक, मग सिनेमा

दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी यांनी ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे मराठी नाटक लिहिलं. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली अतुल कुलकर्णी त्यात गांधीजी झाले. फिरोज खान यांनी हाच विषय इंग्रजीत ‘महात्मा व्हर्सेस गांधी’ म्हणून आणला. त्यात नसीरुद्दीन शाह गांधीजी आणि के. के. मेनन हरिलाल होते. ‘गांधी, माय फादर’ आला २००७ मध्ये. निर्माते अनिल कपूर, हरिलालच्या भूमिकेत अक्षय खन्ना, गांधीजींच्या भूमिकेत दर्शन जरीवाला. जरीवाला यांना सहायक अभिनेत्याचा, तर खान यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नावातच फरक

नाटकाच्या नावात ‘विरुद्ध’ आहे. प्रेक्षक सामना बघायला बसतो, दोन्ही बाजू तोलतो. सिनेमाचं नाव मात्र मुलाच्या तोंडचं आहे. शिवाय सिनेमा सुरू होतो तो हॉस्पिटलमध्ये आणलेल्या, खंगलेल्या हरिलालपासून. त्यामुळे निकाल लागण्याआधीच सहानुभूती एका बाजूला झुकते.

रंगमंच आणि कॅमेरा

रंगमंचावर बाप, मुलगा आणि मध्ये अडकलेल्या कस्तुरबा एकाच वेळी समोर असतात. कोणाकडे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. सिनेमात ते कॅमेरा ठरवतो. विलायतेत जाऊन बॅरिस्टर व्हायची हरिलालची इच्छा होती. शिष्यवृत्ती दुसऱ्याला द्यावी, असं गांधीजींनी ठरवलं. नाटकात हा प्रसंग दोन तत्त्वांची टक्कर वाटू शकतो. पडद्यावर मुलाचा चेहरा जवळून दिसला की तोच प्रसंग अन्याय वाटतो. घटना तीच, वजन वेगळं.

‘नाटकी’ शिक्का

दिग्दर्शक रंगभूमीवरचा आहे हे माहीत असलं की आणखी एक गोष्ट घडते. खोलीतली लांब बोलणी दिसली की आपण लगेच ‘हे नाटकच आहे’ म्हणतो. हाच प्रसंग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला असता तर कदाचित ‘संयत’ म्हटलं असतं. खान यांचं ‘तुम्हारी अमृता’ म्हणजे दोन माणसं बसून पत्रं वाचतात, एवढंच. शब्दांवर भरवसा ही त्यांची जुनी रीत आहे. ते तंत्राचं अपुरेपण मानायचं की निवड, यावरही सिनेमा कसा वाटतो हे ठरतं.

मग बघताना काय लक्षात ठेवायचं?

पार्श्वभूमी माहीत असणं उपयोगी आहे, पण ती सिनेमाची किल्ली नाही. नाटक न पाहिलेल्यालाही सिनेमा समजतोच. धोका वेगळाच आहे. मिनिटभराच्या क्लिपमध्ये फक्त चिडलेला मुलगा उरतो, बापाची बाजू कापली जाते. धर्मांतरानंतर गांधीजींनी जाहीरपणे लिहिलं होतं की, ते मनापासून असेल तर आपलं भांडण नाही. शंका आहे ती हेतूबद्दल. हे वाचलं की चित्र बदलतं. हरिलाल १८ जून १९४८ रोजी मुंबईत गेले, वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आतच. या दोघांपैकी कोण चुकलं हे सांगायला नाटकही बसलेलं नाही आणि सिनेमाही. त्यामुळे क्लिप पुढे पाठवण्याआधी निदान सिनेमा पूर्ण पाहावा, आणि जमलं तर त्या काळची पत्रंही वाचावीत.