वळवाचा पाऊस आणि कोऱ्या पंचनाम्याचे कोडे

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, वळवाचा पाऊस आपल्याला नवा नाही. दुपारभर उकडते, सांजेला वावटळ उठते, विजा कडाडतात आणि घटकाभरात शिवार न्हाऊन निघते. नांगरलेल्या काळ्या रानातली ढेकळे विरघळतात, उन्हाळी चाऱ्याला एक पाणी फुकट मिळते, गुरांचा जीव थंडावतो. म्हणून आपले वाडवडील वळवाला शिव्या देत नसत. पण तोच पाऊस खळ्यावर, भट्टीवर आणि काढून टाकलेल्या कांद्यावर उतरला म्हणजे घराचे वर्ष बुडवितो. आणि त्या बुडण्याची मोजदाद धड होत नाही, ही आमची तक्रार आहे.

२०२५ चा मे महिना आठवा. वळवाने दम घेऊ दिला नाही, तोच मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन ठेपला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. त्या वेळी नाशिकपासून सोलापूरपर्यंत कित्येकांचा उन्हाळ कांदा रानातच होता. हा कांदा पातीसकट सुकवून, मान वाळल्यावर चाळीत भरला तर चार-पाच महिने टिकतो. ओल्या मानेचा कांदा मात्र स्वतः सडतो आणि शेजारच्यालाही सडवितो.

आता हिशेब नीट करा. चाळीतला कांदा म्हणजे शेतकऱ्याची थांबण्याची ताकद होय. ती ताकद असली तर तो वैशाखातला पडेल भाव नाकारून श्रावण-भाद्रपदाची वाट पाहतो. कांदा भिजला की त्याला त्याच आठवड्यात बाजार गाठावा लागतो, आणि व्यापारी देईल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. पाऊस आभाळातून पडला खरा. पण त्याचा नफा कोणाच्या गादीवर जाऊन बसला?

तीच गत इतरांची. कडबा भिजून काळा पडला, त्याला बुरशी धरली, की गुरे तोंड लावीत नाहीत आणि ऐन पेरणीच्या तोंडावर चारा विकत घ्यावा लागतो. कुंभाराच्या कच्च्या विटा एका रात्रीत पुन्हा माती होतात. कांदा काढणाऱ्या मजूर बायांचा रोज बुडतो. वाट्याने शेत करणाऱ्याचे तर सातबाऱ्यावर नावच नसते!

मग सरकारी नियम काय सांगतो? मदत मिळते ती पेरलेल्या क्षेत्राच्या मापाने, आणि ३३ टक्के किंवा अधिक पीक गेले तरच. काढून ठेवलेला माल या मापात बसवायचा कसा? पीक विम्यात कापणीनंतर रानात वाळत घातलेल्या पिकाला १४ दिवसांचे संरक्षण होते. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर बेतली गेली. उभे पीक कापून झाल्यावर जे भिजते, ते त्या प्रयोगात कसे दिसणार?

जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा लष्कर-पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि पावसाचे पाणी शेतात मुरवावे, असे त्यांनी सरकारला बजावले होते. पाऊस कोणाच्या हाती नाही, पण पावसाची तयारी माणसाच्या हाती आहे, हा त्यातला धडा आहे. नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस, हे पंचांगात पाहून कांदा सुकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. पंचनामा बांधावर न थांबता खळ्यात, चाळीत, गंजीपाशी आणि विटांच्या थापणीवर यावा. कसणाऱ्याचे नाव त्यात लिहिले जावे. गावोगाव सोसायटीने पक्क्या छपराची सामाईक चाळ बांधावी. आणि आपणही दहा घरांनी मिळून ताडपत्र्या घ्याव्यात. वळीव झाला म्हणून पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याखेरीज बी मातीत टाकू नये. २०२५ साली मोसमी पाऊस लवकर आला आणि मेअखेरीस मध्येच अडखळला, हे विसरू नका.

बंधूंनो, पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय नोंदवून घ्या. जे कागदावर येत नाही, ते सरकारच्या लेखी बुडालेलेच नसते.