परसातली शाळा : आधी खताची परीक्षा, मग पेरणी!

दसऱ्याला घटातले पिवळसर कोंब कुणी टोपीत खोचले, कुणी कानावर ठेवले. घटात कुठलं धान्य जोमानं उगवलं, यावरून शेतकरी बियाण्याचा अंदाज घेत, असं म्हणतात. म्हणजे घट ही बियाण्याची परीक्षाच की! आज आपणही अशीच एक परीक्षा घेऊ या. पण बियाण्याची नाही, शेणखताची.

‘त्यात काय परीक्षा घ्यायची? शेण ते शेण!’ असंच मलाही वाटायचं. सातवीत असताना शाळेच्या बागेत मला एक वाफा मिळाला. माझे टोमॅटो सगळ्यांत मोठे व्हायला हवेत, म्हणून गोठ्यातलं ताजं शेण दोन घमेली आणून ओतलं आणि लगेच रोपं लावली. आठवड्यात पानं पिवळी पडली, रोपांनी माना टाकल्या. पंधरा दिवसांत वाफा रिकामा! शेजारच्या वाफ्यात मात्र नुसत्या मातीतली रोपं डुलत होती. मला रडूच कोसळलं. आजोबांनी मला उकिरड्यापाशी नेलं आणि म्हणाले, “घाल हात आत.” घातला, तर ढीग आतून चक्क गरम!

ही ऊब येते कुठून? शेण-काडीकचरा कुजवणारे कोट्यवधी जिवाणू आत काम करत असतात, त्यातून उष्णता निघते. ताज्या शेणातला अमोनिया कोवळ्या मुळांना पोळतो. शिवाय काडीकचरा कुजवताना जिवाणूंनाही नत्र लागतं. ते मातीतलं नत्र उचलतात आणि रोपं उपाशी राहतात. आपण जेवण वाढलं खरं, पण पंगतीला आधी दुसरेच बसले!

शेण पुरतं कुजायला साधारण चार ते सहा महिने लागतात. कचरा, शेण, माती यांचे थर देऊन ढीग अधूनमधून उलटापालटा केला, तर तीनेक महिन्यांत काम होतं. ही ‘इंदूर पद्धत’. इंदूरच्या संशोधन संस्थेत ती तयार झाली आणि १९३१ साली तिच्यावर इंग्रजी पुस्तक निघालं. लेखक दोघं : अल्बर्ट हॉवर्ड आणि आपले यशवंत वाड.

आता परीक्षा. खत मुठीत घ्या. रंग काळपट, हाताला भुसभुशीत, वास पावसात भिजलेल्या मातीसारखा असेल, तर तोंडी परीक्षेत पास! मग लेखी. दोन कुंड्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती, निम्मं खत. दोन्हींत वीस-वीस मेथीचे दाणे पेरा, पाणी सारखंच द्या. पाच-सहा दिवसांनी कोंब मोजा. खताच्या कुंडीत फारच कमी उगवले किंवा पिवळे पडले, तर खत नापास! ते परत ढिगात टाका, ओलसर ठेवा आणि महिन्याभरानं पुन्हा बसवा परीक्षेला.

खत पास झालं की वाफ्याकडे चला. पाऊस सरला आहे, ऑक्टोबरचं ऊन तापतंय. माती मुठीत दाबून सोडा. गोळा फुटून भुगा झाला, तर वाफसा आला समजा. चिकट गोळा तसाच राहिला, तर दोन दिवस थांबा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला चार-पाच किलो खत पुरे, म्हणजे साधारण अर्धं घमेलं. संध्याकाळी पसरा आणि लगेच कुदळीनं चार-सहा इंच मातीत मिसळा. उन्हात उघडं पडलं, तर नत्र हवेत उडून जातं. खतात वाकडी, पांढरी, जाड अळी दिसली तर वेचून काढा. ती हुमणी असू शकते आणि हुमणी मुळं कुरतडते. कोंबड्या मात्र ती आवडीनं खातात!

मग हलकं पाणी देऊन आठ-दहा दिवस थांबा. तण उगवेल, ते उपटा आणि मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर खुशाल पेरा.

एक ताकीद : पायात चपला-बूट हवेतच. हाताला जखम असेल तर खताला शिवू नका, धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात. काम झाल्यावर साबणानं हात धुवा. कच्च्या शेणात पोटाचे विकार करणारे जंतूही असतात, म्हणून कच्च्या खायच्या भाजीला ते कधीच घालू नका.

माझा तो वाफा काही परत आला नाही. पण पुढच्या वर्षी त्याच शेणाचं काळंभोर खत झालं होतं आणि त्याच जागी टोमॅटो लगडले. वाया गेली होती ती फक्त माझी घाई!

तेव्हा दोस्तांनो, आजच दोन कुंड्या मांडा. कोंब मोजून वहीत लिहून ठेवा बरं का! पुढच्या आठवड्यात भेटू, मेथीच्या वाफ्यावर.