लाल दिवा, उणे डीबी आणि डोळा

वाकडमध्ये रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, ‘राउटरवर एलओएस लाल का?’ एलओएस म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’. प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२०१३ मध्ये पुण्यासह ३८ शहरांत केबल डिजिटल झाली, तेव्हा घरात येणारी तार बहुतेक ठिकाणी तांब्याचीच होती. आता अनेक इमारतींत टीव्ही आणि इंटरनेट काचेच्या तंतूतून येते. सवयी मात्र तांब्याच्याच राहिल्या: तार खेचायची, टोक डोळ्यासमोर धरायचे, तुकडा कोपऱ्यात टाकायचा.

तंत्रज्ञ ‘उणे बावीस डीबी’ म्हणाला की लोक घाबरतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, उणे वीस म्हणजे त्याचा शंभरावा भाग. घरातले उपकरण साधारण उणे २७ पर्यंत चालते. जुन्या टीव्हीवर सिग्नल घटला की मुंग्या हळूहळू वाढत. डिजिटलमध्ये चुका आतल्या आत दुरुस्त होत राहतात आणि मर्यादा संपली की एकदम चौकोन पडतात. रक्तदाबाच्या रुग्णाची तक्रारही बरेचदा अशीच उशिरा येते.

घरी येणारा प्रकाश १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा, म्हणजे अदृश्य. तो बहुतांश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो आणि घरी येईपर्यंत क्षीण झालेला असतो. त्याची धास्ती नको. पण टीव्हीचा सिग्नल मध्येच वाढवून पुढे पाठवणाऱ्या मुख्य तारेत शक्ती कितीतरी जास्त असते, आणि दिसतच नसल्याने पापणीही मिटत नाही.

खरी काळजी तंत्रज्ञाच्या लाल पेनची. बिघाड शोधायचा हा सुमारे ६५० नॅनोमीटरचा लेसर थेट दृष्टिपटलावर पडतो. बाजारात तो दहा मिलिवॉट आणि त्याहून जास्त शक्तीचाही मिळतो; सुरक्षित समजला जाणारा लेसर पॉइंटर एक मिलिवॉटच्या आतला. तो मुलांच्या हाती खेळायला देणे म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

तंतूचा कापलेला तुकडाही साधा नाही. जाडी १२५ मायक्रोमीटर, जवळजवळ केसाएवढी. तो त्वचेत सहज शिरतो, आत मोडतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुकडे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बाटलीत टाकावेत. ते काम जेवणाच्या टेबलावर तर होऊच देऊ नये. डोळ्यात कण गेल्याची शंका आली तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा.