आकडा नको, उतारा पाहा

नुसत्या टनावर उसाची प्रत कळत नाही, उतारा पाहावा लागतो. मोबाईलच्या वेगाचेही तसेच. फाईव्हजीची कागदावरची कमाल सेकंदाला २० गिगाबिट! पण टॉवरचा वेग साऱ्यांत वाटला जातो. शिवाय ३३०० मेगाहर्ट्झची लहर ७०० च्या लहरीइतकी लांब पोचत नाही. एक मेगाबाईटचा फोटो म्हणजे ८ मेगाबिट. टूजीवर २०० किलोबिट मिळाले तर ४० सेकंद, फोरजीवर १० मेगाबिट मिळाले तर सेकंदाच्या आत काम फत्ते. तोडणीचा साधा मेसेज तर टूजीवरही येतो. तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, फाईव्हजीच्या नावाला भुलून हँडसेट बदलू नका. शेजाऱ्याचा फोन घेऊन आपल्या बांधावर आधी वेग मोजा, मग पैसे मोजा.