लालमटियाची खाण का खचली? चौकशी कुठपर्यंत गेली पाहिजे?

२९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात लालमटिया येथील राजमहल ओपनकास्ट कोळसा खाण खचली. खाण ईस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीची, खोदकाम मात्र कंत्राटदाराकडे. डंपर आणि पोकलेनसकट कामगार मातीखाली गाडले गेले. २३ जणांचा मृत्यू झाला. ते कंत्राटी कामगार होते.

लगेच सरकारी निवेदन आले. सुमारे ९५ लाख घनमीटर माती सरकली, असा प्रकार पूर्वी घडलेला नाही आणि जमिनीत दडलेल्या भ्रंशरेषेमुळे कड तुटली असावी, असा त्याचा आशय होता. भेगा दिसत असूनही काम चालू ठेवले गेले, असे कामगारांनी त्याच दिवसांत बातमीदारांना सांगितले. एकाच घटनेची ही दोन कारणे. माझा मुद्दा असा की, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात आणि म्हणूनच चौकशी पहिल्या कारणावर थांबवता येत नाही.

उतार का कोसळतो, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. खडक आणि मातीची धरून ठेवण्याची ताकद वरच्या वजनापेक्षा कमी पडली की उतार सुटतो. ही ताकद कमी होण्याची कारणे ठरलेली आहेत: खडकातील भ्रंश किंवा मऊ थर, आत मुरलेले पाणी, उताराची उंची व कोन, ब्लास्टिंगचे हादरे आणि पायथ्याशी केलेले खोदकाम. आता प्रत्येक कारणापुढे एक प्रश्न लिहा. भ्रंश निसर्गाने केला. पण तो शोधण्यासाठी बोअर किती मारले आणि कोणी तपासले? पाऊस आकाशातून पडला. पण पाण्याच्या निचऱ्याची सोय कोणाकडे होती? उतार इतका उभा कोणी ठेवला? पायथा खोदण्याचा आदेश कोणाचा?

नियमही होते. त्या काळी लागू असलेल्या कोळसा खाण नियमांनुसार काढलेल्या मातीचा ढीग ३० मीटरपेक्षा उंच करायचा तर त्याला पायऱ्या पाडाव्या लागत आणि एकूण उतार १ उभा तर १.५ आडवा यापेक्षा तीव्र ठेवता येत नसे. शिवाय मोठा उतार बहुधा इशारा देतो. वर भेगा पडतात, त्या रुंदावतात, पायथा फुगतो, सरकण्याचा वेग वाढत जातो. हे मोजणारी रडार यंत्रे उपलब्ध आहेत. यंत्र नसेल तरी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजता येते. म्हणून चौकशीतला कळीचा प्रश्न हा: भेग पहिल्यांदा कोणाला दिसली, त्याने कोणाला सांगितले आणि त्या माणसाने काय केले?

यावर काही जण म्हणतील, हा तांत्रिक विषय आहे, तज्ज्ञांवर सोडा. त्यांनी वेल्समधील एबरफानचे उदाहरण पाहावे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तिथे कोळसा खाणीच्या कचऱ्याचा ढीग क्रमांक ७ घसरून शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. ढिगाखाली पाण्याचे झरे होते. नॅशनल कोल बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले, झऱ्यांची माहिती नव्हती. पण ते झरे नकाशावर होते, गावाला ठाऊक होते आणि शाळेमागच्या धोक्याबद्दल १९६३ मध्येच लेखी पत्रव्यवहार झाला होता. न्यायाधिकरणाने ७६ दिवस सुनावणी घेतली, १३६ साक्षीदार तपासले. मृत मुलांच्या पालकांचे आणि कामगार संघटनेचे वकील तिथे उलटतपासणी घेत होते. निष्कर्ष स्पष्ट आला: दोष कोल बोर्डाचा. शिक्षा कोणालाच झाली नाही, ही त्या कहाणीची दुसरी बाजू आहे. पण कारण उघडपणे सिद्ध झाले आणि १९६९ मध्ये अशा ढिगांसाठी वेगळा कायदा झाला.

आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम २४ नुसार केंद्र सरकार चौकशी न्यायालय नेमू शकत होते आणि कलम २७ नुसार त्या न्यायालयाचा अहवाल प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक होते. अंतर्गत समितीच्या अहवालाला अशी सक्ती नव्हती. हा फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. ज्या चौकशीत कंपनीच कागद पुरवते, कंपनीचेच अधिकारी बोलतात आणि कंत्राटी कामगार दुसऱ्या दिवशी कामावरून काढला जाईल या भीतीने गप्प बसतो, त्या चौकशीला भ्रंशरेषा सापडणारच. भ्रंशरेषेला नोकरी नसते, बढती नसते, तिच्यावर खटलाही भरता येत नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले, कामगारांची कामाची जागा आणि घरे पाहिली. त्यानंतर १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतला मजूर हा आपल्या चळवळीचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवले. चंद्रपूर-यवतमाळच्या ओपनकास्ट खाणींभोवती आज मातीचे डोंगर उभे आहेत आणि आपली मुले कंत्राटावर डंपर चालवत आहेत. जयंती-महोत्सवाच्या वर्गणीइतकीच चिकाटी इथेही हवी.

कामे साधी आहेत. आपल्या भागातील खाणीच्या उतारांचा शास्त्रीय अभ्यास कधी झाला, खाण सुरक्षा महासंचालनालयाने कोणत्या त्रुटी काढल्या, त्या दूर झाल्या का, हे माहिती अधिकारात विचारा. भेग दिसली तर तारीख आणि वेळेसह फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दुर्घटना झालीच तर कामगारांच्या साक्षी कंत्राटदाराच्या माणसांसमोर नकोत, अशी पहिली मागणी करा. एबरफानमध्ये १९६३ ची पत्रे न्यायाधिकरणासमोर ठेवता आली, कारण कोणीतरी ती वेळीच लिहून ठेवली होती.