टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्यांनो

दोस्तांनो, हल्ली पांढरपेशांना आपल्या मनाची फार काळजी लागलीय. श्वास घ्या, श्वास सोडा, या क्षणात जगा. च्यायला, आम्ही दुसरं काय करतो? उद्याची पाळी मिळेल की नाही हे ज्याला रात्री अकरापर्यंत ठाऊक नसतं, तो या क्षणातच जगतो.

मी मॅट्रिक. डॉक्टरी शिकलो नाही, पण गोदीत शरीर कळतं. पोलादाच्या कॉइलला स्लिंग लावताना वर साखळी करकरली की छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते. रक्तात ॲड्रेनालिन सुटतं, माणूस बाजूला उडी मारतो, वाचतो. कॉइल खाली टेकली की धडधड उतरते. हा ताण कामाचा आहे. माणसाला खातो तो न उतरणारा ताण. भाडं थकलंय, मुकादमाचा फोन नाही, नव्या घरमालकाला आडनाव सांगायचंय. इथं उडी मारणार कुठं? मग शरीर दिवसरात्र पहाऱ्यावर उभं. रक्तदाब वाढतो, झोप तुटते, बायकोवर उगाच हात उगारला जातो. होय, आपल्या वस्तीतही. लपवू नका.

म्हणे, टेन्शन साहेबालाच जास्त, त्याची जबाबदारी मोठी. साफ झूट. लंडनमध्ये 1967 साली सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट या डॉक्टरने त्याचे आकडे मांडले. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा तळाच्या शिपाई-निरोप्यांत तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब सगळं हिशेबात धरलं तरी फरक पुरता मिटेना. 1985 पासून दुसरी पाहणी झाली, त्यात एक मोठं कारण हाती लागलं. स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं. तिथं नुसती नोकरीतली पायरी होती. आपल्याकडे पायरी जन्माबरोबर येते, आणि तरी आम्हाला सांगतात, दोष तुझ्या विचारांत आहे.

आमच्या बापजाद्यांनी ताणावर वेगळा इलाज केला होता. गोदीत टोळीवाला रोज माणसं वेचायचा. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा झाला, नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. त्याआधी, 1946 साली, कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. सहा तास झोपेला, पोराला, पुस्तकाला. याला मी मनाचं औषध म्हणतो. आज ठेकेदाराकडून येणाऱ्या आम्हा पोरांना ना नोंदणी, ना हजेरी. टोळीवाला गेला, मोबाईलवाला आला.

श्वासाची मी टिंगल केली, पण श्वास सावकाश सोडला की धडधड खरंच कमी होते. मीही करतो, क्रेनखाली. करा, फुकट आहे. दारूचं मात्र ऐका, राग आला तरी चालेल. क्वार्टरने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप फोडते, आणि सकाळी तोच डोळा साखळीवर ठेवायचा असतो. आणि कुणी दोस्त जगणं नको म्हणाला तर त्याला कविता ऐकवत बसू नका. त्याच्याजवळ बसा, 14416 लावा. सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पुढल्या आठवड्याच्या पाळ्यांची यादी शनिवारीच लावा, एवढीच मागणी आम्ही सतरा जणांनी ठेकेदाराला लिहून दिलीय. चौदा सह्या, तीन अंगठे. उत्तर अजून नाही. मुकादम मात्र कागद गेल्यापासून ‘ए’ सोडून नावानं हाक मारतो.