देवाचे घर पुरे होते तेव्हा

एखाद्या गावात नवी इगर्ज बांधून पुरी होते आणि तिच्या आशीर्वादविधीचा दिवस उगवतो, तेव्हा त्या वाड्यावरील ख्रिस्ती कुटुंबांच्या आनंदास पारावार राहत नाही. घंटा वाजतात, बँडच्या सुरांबरोबर मूर्तीची मिरवणूक निघते, मुंबईस, आखातात किंवा बोटीवर नोकरीस असलेले मुलगे त्या दिवसासाठी रजा काढून घरी येतात. हा सोहळा शेजारच्या अंगणातून पाहणाऱ्या हिंदूच्या मनात मात्र कधी कधी एक जुने शल्य डोके वर काढते. आमची देवळे जेथून गेली, तेथे यांची प्रार्थनामंदिरे वाढत आहेत. मग या आनंदाशी आमचा संबंध काय? हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. आम्ही त्याचे उत्तर उघडपणे देऊ इच्छितो.

हे शल्य खोटे नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या महालांतील देवळे परकी सत्तेने जमीनदोस्त केली. श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गेस केळशी सोडून कवळ्यास यावे लागले. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय उद्ध्वस्त झाले आणि देवास नदीपलीकडे डिचोली महालात आश्रय घ्यावा लागला. हे विसरा, असा उपदेश आम्ही कोणासही करणार नाही.

परंतु आठवायचे तर सारेच आठवावे. त्या आघातास आमच्या पूर्वजांनी दिलेले उत्तर बांधकामाचे होते. रात्रीच्या अंधारात मूर्ती उचलून नेणाऱ्यांनी परमुलखात प्रथम साधी छपरे घातली आणि पुढील पिढ्यांनी तेथे शिखरे चढविली. श्रीशिवछत्रपतींनी 1668 साली सप्तकोटेश्वराच्या देवालयाच्या उभारणीची आज्ञा दिली, तिचा शिलालेख नार्व्यास आजही आहे. देवाचे घर पुरे होणे म्हणजे काय, हे ज्यांचा देव एकदा बेघर झाला त्यांच्याहून अधिक कोणास कळणार?

याच गोमंतकात ख्रिस्ती समाजाच्याही एका मूर्तीने असा प्रवास केलेला आहे. 1835 साली पोर्तुगीज सरकारनेच येथील धर्मसंघांचे मठ बंद केले. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनी संघाच्या भव्य मंदिराचे छत 1842 साली कोसळले आणि 1931 साली दर्शनी भाग पडून मनोऱ्याचा केवळ एक तुकडा उभा राहिला. जुन्या गोव्याजवळील दौजी येथील देवमातेचा मठही असाच ओस पडला. त्या पडक्या मठातील देवमातेची मूर्ती साळगावकरांनी आपल्या गावी आणली. 1867 साली सुरू झालेले तेथील इगर्जीचे काम 1873 साली पुरे झाले. भातशेतीच्या कडेला उभी असलेली ती शुभ्र, टोकदार कळसांची वास्तू बारदेशातील हिंदूही आपल्या प्रदेशाचे भूषण मानतो. परधर्मीयांचा छळ आणि स्वधर्मीय मठांची जप्ती यांना एकाच मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. सत्ता येते आणि जाते, देवास पुन्हा छत देते ते गाव, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आणि हे गाव तरी कोणाचे? इगर्जीच्या वर्गणीसाठी पगारातून पैसा बाजूस काढणाऱ्या तारवट्याने आमचे देऊळ पाडलेले नाही. उलट, जे देऊळ पडले ते पुष्कळदा त्याच्याही पूर्वजांचे ग्रामदैवत होते. परगावी राहणारा आमचा कुळावी देवालयाच्या जीर्णोद्धारास ज्या भावनेने पैसे पाठवितो, तीच भावना त्या तारवट्याची. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्तास तेल घेऊन जाणाऱ्या आणि तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानणाऱ्या सामान्य हिंदूस हे नाते कोणी शिकवावे लागले नाही.

तथापि हे नाते आपोआप टिकेल अशा भ्रमात कोणी राहू नये. 2017 साली दक्षिण गोव्यात क्रूस आणि थडगी यांची मोडतोड झाली, तेव्हा कित्येक शेजारी गप्प बसले. देवळाच्या पाडावाचे दुःख सांगणाऱ्यास दुसऱ्याच्या क्रूसाविषयी गप्प बसण्याचा अधिकार उरत नाही.

इगर्ज बांधणाऱ्यांकडूनही आमची एक अपेक्षा आहे आणि ती आमच्या देवस्थानांच्या महाजनांनाही तितकीच लागू आहे. नव्याच्या हौसेपायी जुने मोडू नका. वाडवडिलांनी घडविलेली जांभ्या दगडाची भिंत आणि कोरीव लाकूडकाम सिमेंटच्या चौकोनासाठी एकदा गेले, की ते कोणत्याही वर्गणीने परत येत नाही.

म्हणून आमच्या वाचकांस आमचे सांगणे साधे आहे. शेजारी नवी इगर्ज पुरी झाली असेल, तर निमंत्रणाची वाट न पाहता तेथे जावे, एक मेणबत्ती लावावी आणि घरच्यांचे अभिनंदन करावे. आपल्या देवाच्या जत्रेत तो शेजारी मांडवाखाली उभा राहावा असे वाटत असेल, तर आज आपण त्याच्या दारात उभे असणे अगत्याचे आहे.